बारा हजार गॉसचा मॅग्नेटिक फिल्टर लावला तरी कूलंटमधून काळं येतंय, चुकतंय कुठे?

कुंडईवाला (मंगळवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटं मशीनशॉप आहे, धातू घासून गुळगुळीत करणारे दोन सर्फेस ग्राइंडर आणि एक सिलिंड्रिकल, तिन्हींचं कूलंट, म्हणजे घासताना थंड ठेवणारं द्रव, एकाच टाकीतून फिरतं. कूलंट पाण्यातलंच, दुधासारखं पांढरं असतं ते. ग्राइंडिंगचा बुरा परत परत जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर येतो आणि फिनिश खराब होते म्हणून गेल्या महिन्यात पंपानंतरच्या लाइनवर मॅग्नेटिक फिल्टर बसवला. चार इंची हाऊझिंग (बाहेरची नळकांडी), आत चुंबकाचे पाच रॉड, एक इंच जाड आणि अडीचशे एमएम लांब, पंप मिनिटाला साधारण ८० लिटर टाकतो. विकणाऱ्याने १२,००० गॉस (चुंबकी क्षेत्राचं माप) लिहून दिलंय आणि लोखंडाचा एक कण पुढे जाणार नाही असं सांगितलं होतं.

रॉड बाहेर काढले की काळा गाळ चिकटलेला असतो म्हणजे पकडतोय हे नक्की, पण नोझलमधून येणाऱ्या कूलंटचे चार थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकले की अजून करडा डाग पडतो आणि जॉबवर बारीक चरे तसेच. आता तोच माणूस म्हणतो १४,००० गॉसचे रॉड घ्या. घ्यायला हरकत नाही पण खर्च बराच आहे आणि फरक पडेल याची खात्री वाटत नाही. कोणी असं काम केलंय का?

शिफ्ट_इनचार्ज (मंगळवार, रात्री ११:१५)

गॉस जरा बाजूला ठेव. दोन गोष्टी सांग. हाऊझिंगला कूलंट आत कुठून येतं आणि बाहेर कुठून जातं? आणि रॉड काढल्यावर गाळ कुठे असतो, पूर्ण लांबीवर की एकाच टोकाला? उद्या रॉड पुसायच्या आधी नीट बघून ठेव, पुसलेस की पुरावा गेला.

कुंडईवाला (बुधवार, संध्याकाळी ७:०५)

आज शिफ्ट संपताना मुद्दाम बघितलं. आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही कनेक्शन वरच, झाकणाच्या खाली, समोरासमोर आहेत. रॉड झाकणालाच लावलेले आहेत, झाकण उचललं की पाचही सोबत येतात. गाळ वरच्या तीनेक इंचात जाड, बोटाएवढा, बांगड्या भरल्यासारख्या रिंगा रिंगा दिसतात. खाली येत येत पातळ होतो आणि शेवटचे चार इंच तर रॉड लख्ख, कपड्याने पुसल्यासारखे. मी समजत होतो की खाली लोखंड पोचायच्या आधीच वर पकडलं जातं म्हणून खाली स्वच्छ.

शिफ्ट_इनचार्ज (बुधवार, रात्री ९:३०)

तसं असतं तर टिश्यूवर डाग पडला नसता ना. खाली स्वच्छ आहे कारण तिथे कूलंट जातच नाही. पाणी सोपी वाट धरतं, समोर दार उघडं असेल तर अंगणाला वळसा घालून कोण जाईल. तुझं कूलंट वरून आत येतं आणि समोरच्या भोकातून वरच्यावर निघून जातं, खालचा भाग म्हणजे साचलेलं डबकं. पाच रॉडचे पैसे दिलेस पण कामाला लागलेत दीड-दोन रॉडच, आणि त्यांच्यावरूनसुद्धा कूलंट जोरात जातं कारण सगळे ८० लिटर तेवढ्याशा पट्ट्यातून निघतात.

हिशोब करून बघ. चार इंची हाऊझिंगमध्ये पाच एक इंची रॉड वजा केले की उरलेल्या जागेतून मिनिटाला ८० लिटर म्हणजे सेकंदाला साधारण पाव मीटर वेग. प्रवाह रॉडच्या पूर्ण लांबीवरून गेला तर कणाला चुंबकाजवळ सेकंदभर मिळतो. सेकंद म्हणजे कमीच, पण वापरता येण्यासारखा. तुझ्याकडे आत्ता तो सेकंदसुद्धा मिळत नाहीये.

आणि त्या रिंगा म्हणतोस त्या का पडतात सांगतो, कारण रॉडचं सगळं गुपित तिथेच आहे. रॉडच्या आत एक लांब चुंबक नसतो, स्टीलच्या नळीत चकत्या रचलेल्या असतात, निओडिमियमची चकती, मग साध्या लोखंडाची पातळ चकती, मग परत चुंबक. आणि चुंबक मुद्दाम एकमेकांना ढकलतील असे, उत्तर धृवासमोर उत्तर, दक्षिणेसमोर दक्षिण असे दाबून बसवतात. त्यामुळे सगळं चुंबकत्व त्या पातळ लोखंडी चकतीच्या कडेतून बाहेर फेकलं जातं. १२,००० गॉस आहे तो बरोब्बर त्या कडेवर, रॉडच्या कातडीला टेकवून मोजलेला. दोन रिंगांच्या मधे कमी, आणि रॉडपासून बोटभर दूर गेलास की आकडा पार कोसळतो. म्हणून १४,००० चे रॉड घेऊन तुझ्या डबक्यात काही फरक पडणार नाही.

आधी एक पत्र्याचा बॅफल, म्हणजे आडोसा, घाल. कूलंट आत आल्या आल्या सरळ तळाला गेलं पाहिजे आणि रॉडच्या अंगाने वर चढून बाहेर पडलं पाहिजे. एसएस ३०४ चा, म्हणजे स्टेनलेसचा पत्रा घे, साधा एमएस (माइल्ड स्टील) घेतलास तर तोच चुंबकाला चिकटेल. आणि इनलेटची धार थेट रॉडवर पडू देऊ नकोस, चिकटलेला गाळ धुऊन पुढे जातो.

सुरंगी (गुरुवार, सकाळी ८:२०)

शिफ्ट_इनचार्ज यांनी सांगितलं त्यात थोडी भर घालते, मी फिजिक्सची आहे आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून लांबलं तर सांभाळून घ्या.

चुंबक मोठा म्हणजे ओढ मोठी असं आपल्या मनात शाळेपासून बसलेलं असतं. पण एकसारख्या चुंबकीय क्षेत्रात, ते कितीही जबरदस्त असलं तरी, लोखंडाचा कण जागचा हलत नाही, फक्त त्या दिशेला वळून राहतो. कण ओढला जातो तो क्षेत्र एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तरच. म्हणजे ओढ ठरते क्षेत्र किती आहे आणि ते किती अंतरात किती बदलतंय या दोन्हींच्या गुणाकाराने, आणि कण किती मोठा आणि कशाचा यावर. आता समोर दुसरी ताकद उभी असते ती द्रवाची, जी कणाला पुढे खेचून नेते. ही ओढ कणाच्या त्रिज्येच्या पटीत वाढते, पण चुंबकाची ओढ त्रिज्येच्या घनाने, म्हणून कण अर्धा झाला की चुंबकाची ओढ आठपट कमी होते आणि द्रवाची फक्त दुप्पट कमी. त्या भांडणात चुंबक चारपट मागे पडतो. ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सहज पकडला जातो आणि त्याच रॉडपाशी ५ मायक्रॉनचा निसटतो तो यामुळे, शंभरपट फरक झाला ना. कुंडईवाले दादा, तुमच्या टिश्यूवरचा करडा डाग हा त्या बारीक कणांचाच असणार.

मग बारीक कण पकडायचे तर करायचं काय? क्षेत्र वाढवत बसण्यापेक्षा ते कमी अंतरात बदलेल असं करायचं. त्यासाठी ज्या फिल्टरला हाय ग्रेडियंट म्हणतात त्यात कॅनिस्टरमध्ये स्टील वूल भरतात, केसासारख्या बारीक तारांचा गुंता, बाहेरून एक-दोन टेस्लाचं (एक टेस्ला म्हणजे दहा हजार गॉस) क्षेत्र देतात आणि त्या प्रत्येक तारेभोवती क्षेत्र एकदम तीव्र बदलतं, मीटरला दहा हजार टेस्ला इतका ग्रेडियंट, म्हणजे अंतरागणिक बदल, मिळतो. तुमच्या एक इंची रॉडपाशी याच्या मानाने फारच कमी असतो. गंमत म्हणजे त्या डब्याचा ९० ते ९५ टक्के भाग मोकळाच असतो, पाणी सहज वाहतं, दाब फारसा पडत नाही, तरी प्रत्येक कणाला कुठली ना कुठली तार अगदी जवळून भेटतेच. चीनी मातीतली रंग बिघडवणारी टायटॅनियम-लोखंडाची मायक्रॉनभर घाण अशा फिल्टरनेच काढतात, अमेरिकेत १९७० च्या दशकापासून.

तार जितकी बारीक तितकी चांगली असंही नाही. ग्रेडियंट जास्त मिळतो पण त्याचा पल्ला तारेच्या जाडीएवढाच असतो, कण तारेपेक्षा मोठा असेल तर त्याचा अर्धा भाग त्या पल्ल्याच्या बाहेरच राहतो. हिशोब केला तर तार कणाच्या साधारण तीनपट जाड असताना ओढ सगळ्यात जास्त मिळते. म्हणजे फिल्टर हा आधी कणाचं माप घेऊनच करावा लागतो, कपड्यासारखा.

वाळवंटीकाठ (गुरुवार, रात्री १०:५५)

सुरंगीबाय, फार छान समजावलंस. मी डिचोली तालुक्यातल्या एका बेनिफिसिएशन प्लांटवर (खनिजातून माती काढून माल वेगळा करतात तिथे) बरीच वर्षं होतो, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा बाहेर पडलो. आमचं काम याच्या उलटं, तुम्हाला द्रव स्वच्छ पाहिजे, आम्हाला चिकटलेला माल पाहिजे. पण यंत्राचं दुखणं तेच.

गोव्याचं खनिज म्हणजे हेमेटाइट. लोक समजतात लोह खनिज म्हणजे चुंबकाला चिकटणार. हेमेटाइट चिकटत नाही हो, मॅग्नेटाइट चिकटतं. दोघांतही लोखंड जवळजवळ सारखंच, शुद्ध असेल तर एकात सत्तर टक्के, दुसऱ्यात बहात्तर, पण चुंबकत्व बघाल तर मॅग्नेटाइटचं दोनशेहून जास्त पट. म्हणून धुऊन उरलेल्या बारीक चिखलातून माल काढायला आमच्याकडे ओलं जबर क्षेत्राचं मशीन, त्यात एका फिरत्या रिंगमध्ये खाचा पाडलेल्या पट्ट्या उभ्या रचलेल्या असायच्या. धारेपाशी क्षेत्र एकवटतं, खाचेत विरळ होतं, सुरंगीबाय म्हणते तो ग्रेडियंट तो हाच. चिखल वरून सोडायचा, हेमेटाइट धारांना धरून राहतं, सिलिका आणि माती खाली जाते, मग रिंग फिरून चुंबकाबाहेर आली की जोरात पाणी मारून माल उतरवायचा.

आता सांगतो आमचं रात्रीचं जागरण कशावर व्हायचं. पट्ट्यांमधली फट. फट कमी केली की पकड चांगली, लॅबवाले खूश, आणि दोन दिवसांत मशीन तुंबलेलं. पावसात चिखलाबरोबर मुळं, पाला, प्लास्टिकचे तुकडे येतात, एक मूळ आडवं अडकलं की त्याच्यामागे सगळं साचतं. फट वाढवली की तुंबत नाही पण मधून जाणारा बारीक माल कुणाला न शिवता टेलिंग पाँडला, म्हणजे टाकाऊ चिखलाच्या तळ्यात जातो. शेवटी आम्ही आधी जाळी बारीक केली, मोठा दाणा आणि काडीकचरा अलीकडेच अडवला, आणि त्यानंतरच फट कमी करायची हिंमत केली.

दुसरी गोष्ट, आपल्या खनिजात थोडं मूळचं मॅग्नेटाइट शिल्लक असतं. ते खाचेत एकदा बसलं की रिंग चुंबकाबाहेर आली तरी सोडत नाही कारण स्वतःच चुंबक होऊन बसतं, पाणी मारून थकायचं. त्याला आधी साध्या कमी ताकदीच्या ड्रमवर काढून घ्यायचं आणि मग उरलेलं मोठ्या मशीनला द्यायचं. कुंडईवाल्या, तुझ्या गाळातसुद्धा जाड बुरा आणि बारीक धूळ दोन्ही असणार. जाड बुऱ्याने रॉड भरून टाकला तर बारकं कुठे बसणार? टाकीच्या आधी एक उथळ तसराळं ठेव, जड बुरा तिथेच खाली बसू दे, फुकटात.

मालीम_जेटी (शुक्रवार, दुपारी १:१०)

मधेच विचारतो माफ करा, ट्रॉलरच्या गिअरबॉक्सला हाच पाच रॉडवाला फिल्टर चालेल का? तेल ६८ नंबरचं आहे.

शिफ्ट_इनचार्ज (शुक्रवार, दुपारी २:००)

तेवढ्याच वेगाने नाही चालणार. ६८ म्हणजे ४० डिग्रीला पाण्याच्या शंभरपट घट्ट समज, कणाला चुंबकाकडे सरकायला तेवढाच जास्त वेळ लागणार. तेलाला मोठं हाऊझिंग आणि अगदी हळू प्रवाह लागतो, म्हणून बाजूची छोटी लाइन काढून थोडं थोडं तेल फिरवतात. गिअरबॉक्समध्ये तेल गरम असतानाच फिरव, पातळ असतं. आणि एक सांभाळ, साधा निओडिमियम ८० डिग्रीच्या वर गेला की चुंबकत्व कायमचं घालवतो. आमच्याकडे एका मुलाने रॉड पटकन स्वच्छ व्हावेत म्हणून उकळत्या पाण्यात टाकले होते, त्यानंतर त्यांना खिळा धड चिकटेना. त्याला ओरडलो, पण आधी सांगायला पाहिजे होतं ते आमचंच राहिलं.

पिसुर्ल्याची (शनिवार, सकाळी ९:४५)

सगळं वाचते आहे. आमच्या विहिरीला पावसात लाल पाणी येतं, खाली शेतातही लाल चिखल भरतो, तो त्रास वर्षानुवर्षांचा आहे. एकाने दारात येऊन चुंबकाचा फिल्टर दाखवला, पाईपला बाहेरून लावायचा, म्हणतो पाण्यातलं लोखंड ओढून घेतो. आई घ्यायचं म्हणते. घेऊ का?

सुरंगी (शनिवार, सकाळी १०:३०)

ताई, अजिबात घेऊ नका. घरीच एक प्रयोग करा आणि आईंना दाखवा. विहिरीच्या तळाची लाल माती चमचाभर उन्हात वाळवा, कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. चार काळे ठिपके हलतील, लाल माती जागची हलणार नाही. ती हेमेटाइट, गोएथाइट आणि जांभ्याची चिकणमाती आहे, वाळवंटीकाठ काकांनी सांगितलं तसं त्याला पट्ट्यांचं अवाढव्य मशीन लागतं. आणि काही लोखंड तर पाण्यात विरघळलेलं असतं, त्याला चुंबक काहीच करू शकत नाही. तुम्हाला तुरटी फिरवून पाणी रात्रभर निवळू देणं आणि मग वाळूचा फिल्टर हेच बरोबर. विरघळलेल्या लोखंडासाठी पाणी उंचावरून शिंतोडे उडत पडू द्या, हवा लागली की ते गंजासारखं होऊन खाली बसतं. पिण्याआधी एकदा पाणी तपासून घ्या.

पाण्यातली चुंबकाला न चिकटणारी घाण चुंबकाने काढायची एक खरी पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने केलेली सिरोफ्लॉक. त्यात पाण्यात मॅग्नेटाइटची मायक्रॉनभर पूड मिसळतात, गढूळपणा तिला चिकटतो आणि मग पूडच चुंबकाने ओढून घेतात, अल्कलीने धुऊन परत वापरतात. पण तो पाणीपुरवठा प्रकल्पाचा कारभार आहे, विहिरीचा नाही.

पिसुर्ल्याची (शनिवार, संध्याकाळी ६:२०)

केलं. आईने स्वतःच चुंबक फिरवला. सहा-सात काळे कण हलले, बाकी माती तशीच. तो माणूस परत आला तर तिच दारात उत्तर देणार म्हणते. देव बरें करूं.

कुंडईवाला (नऊ दिवसांनी, रात्री ११:३०)

चवथीच्या सुट्टीत शॉप बंद होतं तेव्हा काम करून घेतलं. ३०४ चा दोन एमएम पत्रा अर्धगोल वाकवून इनलेटसमोर आतून वेल्ड केला, खाली तळापासून दीड इंच मोकळं ठेवलं. आता कूलंट पत्र्यामागून खाली उतरतं आणि रॉडच्या अंगाने वर येतं. वाळवंटीकाठ काकांचं ऐकून रिटर्न लाइन टाकीत पडते तिथे उथळ ट्रे ठेवला, त्यात पहिल्याच दिवशी जाड बुऱ्याचा थर बसला, हाताला वाळूसारखा लागतो. पंप रोखून ८० चे साठ-पासष्ट लिटर केले, मशीनला तेवढं पुरतं हे मला आधी कळलंच नव्हतं.

आज झाकण उचललं तेव्हा तिन्ही कामगार बघायला उभे होते. पाचही रॉड वरपासून खालपर्यंत काळे, रिंगा मोजता येतात, एका रॉडवर नऊ. आणि या वेळी वरच्या टोकाला पातळ, खालच्या टोकाला जाड, म्हणजे कूलंट खालून वर येतंय हे गाळानेच सांगितलं. वजन केलं तर एका शिफ्टचा गाळ आधीच्या दुपटीच्या आसपास, ट्रेमधला धरलाच नाही. मला मनापासून आनंद झाला हो, तेच रॉड, तोच पंप.

टिश्यूवरचा डाग फिका झाला पण पूर्ण गेला नाही. तो वाळवून सुरंगीताईंचा कागदाखालचा प्रयोग केला. थोडं हललं, बरंचसं नाही.

सुरंगी (त्याच रात्री, ११:५०)

न हललेलं आहे ते ग्राइंडिंग व्हीलची धूळ असणार, ॲल्युमिनियम ऑक्साइड. चुंबकाला त्याच्याशी देणंघेणं नाही आणि ते पोलादापेक्षा कठीण, चरे पाडणारं तेच. बुऱ्यात गुंतून थोडं पकडलं जातं पण सुटं सुटं निसटतंच.

शिफ्ट_इनचार्ज (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१०)

शाब्बास. आता याच्या पुढे कागदाचा किंवा कापडाचा फिल्टर घाल, आधी नाही, पुढे. चुंबकाने लोखंड काढून घेतलं की कागद लवकर भरत नाही आणि फक्त व्हीलची धूळच त्याच्या वाट्याला येते. रॉड प्रत्येक शिफ्टला पूस, गाळाचा थर चढला की नवा कण चुंबकापासून तेवढाच लांब राहतो. आणि ३०४ चे जॉब करतोस का कधी? त्याचा बुरा नीट चिकटत नाही, कापताना ताणल्याने थोडासा चुंबकी होतो तेवढाच येतो. त्या दिवशी कागदावर जास्त लक्ष ठेव.

कुंडईवाला (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:२५)

महिन्यातून दोनदा करतो ३०४, एका बोट दुरुस्तीवाल्याचे शाफ्ट येतात. पुढचे शुक्रवारी आहेत. कागदाचा रोल म्हापशाहून आणायला आज माणूस पाठवतो, बसवला की दोन्ही टिश्यू बाजूबाजूला ठेवून फोटो टाकतो.